पोटात बाळ आणि घरभर प्लास्टिक: आधी काय बदलायचं, नंतर काय, आणि काय सरळ सोडून द्यायचं

मागे एकदा रात्री साडेबाराला धाकट्या जावेचा मेसेज आला, "ताई जाग्या आहात का", आणि खाली एक रील. वारेतसुद्धा (प्लासेंटात) प्लास्टिक सापडलंय असं कुणीतरी त्यात सांगत होतं. तिला सहावा चालू होता. आम्ही इंदूरला रामबागेत वरखाली राहतो, मी लगेच खाली गेले तर तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढून ठेवलेले आणि स्वतः स्टुलावर बसून रडतेय, की एवढे दिवस मी बाळाला हेच देत होते का. मी कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे थोडंफार वाचलेलं होतं, बाकीचं त्या रात्रीनंतर नीट बसून वाचलं, आणि मग घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. तेच इथे क्रमाने लिहितेय, कारण क्रम फार महत्त्वाचा आहे, चुकीच्या टोकाने सुरुवात केली तर पैसे जातात, बाई घाबरते आणि प्लास्टिक तेवढंच राहतं.

आधी नक्की काय माहीत आहे ते

५ मिलिमीटरपेक्षा छोटा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक, आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असला तर नॅनोप्लास्टिक. शरीरात जातो खाण्यापिण्यातून आणि श्वासातून. २०२१ मध्ये इटलीत रोमच्या डॉक्टरांनी सहा बायकांची वार तपासली, बाहेरचं प्लास्टिक मिसळू नये म्हणून बाळंतपणाच्या वेळी सुती हातमोजे वापरले, तरी चौघींच्या वारेत मिळून १२ कण सापडले, त्यातले ५ बाळाच्या बाजूला होते. २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठाने ६२ जणींची वार वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा एकही रिकामी निघाली नाही, ग्रॅममागे साडेसहा मायक्रोग्रॅमपासून काही शे मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि त्यात निम्म्याहून जास्त पॉलिथिलीन, म्हणजे आपल्या पन्न्या, प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, ज्याच्या बनतात ते. मोजायच्या या पद्धतीवर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे, शरीरातल्या चरबीमुळे पॉलिथिलीनचा आकडा फुगलेला दिसू शकतो, त्यामुळे आकडे घट्ट धरून बसू नका.

सापडलं म्हणजे बाळाला इजा झालीच असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाहीये, प्राण्यांवरचे प्रयोग चिंता वाटावी असे आहेत, माणसांमध्ये सरळ कारण दाखवलेलं नाही. प्लास्टिक मऊ करायला त्यात जी थॅलेट्स घालतात त्यांची माहिती जरा जास्त पक्की आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १६ अभ्यासांचा, सहा हजारांवर गरोदर बायकांचा एकत्र हिशोब आला, तर ज्यांच्या लघवीत ही द्रव्यं जास्त त्यांच्यात वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. हा धोका एकटीवर कोसळणारं संकट नसलं तरी कमी करता येत असेल तर करावा असा आहे.

मी जावेला त्या रात्री दोनच गोष्टी सांगितल्या. एक, शून्य होणार नाही, ते कुणाचंच होत नाही, तुझी काहीही चूक नाही. दुसरी, हे काम तू करायचं नाहीस. डबे बदलणं, पाणी उकळणं, फडकं मारणं हे घरातल्या बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, तिला फक्त काय बदललं ते सांगायचं.

पायरी १: सगळ्यात आधी फक्त "गरम" शोधा

थंड, कोरडं, गुळगुळीत प्लास्टिक त्या मानाने कमी झडतं. उष्णता लागली की सगळं चित्र बदलतं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाळाच्या बाटल्या तपासल्या, पाणी २५ अंशाला असताना लिटरमागे साधारण ६ लाख कण, तेच ९५ अंशाला साडेपाच कोटी. बाटली तीच, प्लास्टिक तेच, फरक फक्त तापमानाचा. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं.

तर एका सकाळी अर्धा तास काढा आणि कुणीतरी एकाने स्वयंपाक चालू असताना नुसतं बघत उभं राहा, उकळतं किंवा वाफाळतं काहीही प्लास्टिकला कुठे कुठे लागतंय. आमच्याकडे हे काम दिरांनी केलं, वहीत लिहिलं, आणि खरं सांगते, सगळ्यात वर जे निघालं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं: चहाची गाळणी. दिवसातून चार वेळा उकळता चहा प्लास्टिकच्या जाळीतून जातो, जाळी काळी पडते, सैल होते, तरी आपण वर्षानुवर्षं तीच वापरतो. स्टीलची जाळी आणा, आजच आणा, एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडणार नाही.

मग बाकीचं. कुकर उघडल्या उघडल्या वरण प्लास्टिकच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, हे बंद, स्टीलच्या पातेलीत निवू दे मग काय करायचं ते करा. गरम पोळ्यांचा डबा आतून प्लास्टिकचा असेल तर स्टीलचा डबा आणि सुती कापड. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक अजिबात नाही, वर "मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलेलं असलं तरी, त्याचा अर्थ डबा वितळणार नाही एवढाच, कण सुटणार नाहीत असा नाही. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं वापरा. मेलामाइनच्या बाऊलमध्ये गरम सूप नको. ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा बाजूला करा, लोखंडी काढा. कढईत फिरवायचा प्लास्टिकचा कलथा जाऊ दे. दुधाची पिशवी गरम पाण्यात बुडवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, कापून थंड दूध पातेल्यात ओता आणि मग तापवा. मिक्सरचं भांडं प्लास्टिकचं असेल तर त्यात गरम टोमॅटो, गरम कांदा वाटू नका, निवला की वाटा.

भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड थंडच असतो, पण सुरीच्या प्रत्येक घावाला त्याचा भुगा भाजीत जातो, जुना बोर्ड बोटाने चाचपून बघा, चरे लागतील. लाकडी पाट किंवा आपली विळी. फक्त सातव्या-आठव्या महिन्यात तिला खाली वाकून विळीवर बसवू नका, चिरायचं काम दुसऱ्याने करायचं.

सगळं एकदम फेकून नवीन आणायची गरज नाही. आमच्या माळ्यावर आजेसासूबाईंचे पितळी आणि स्टीलचे डबे धूळ खात पडले होते, ते उतरवून घासले, दोनतीन गोष्टी कमी पडल्या त्या बर्तन बाजारातून आणल्या, वजनावर मिळतात. जुने प्लास्टिकचे डबे कोरड्या वस्तूंना, खिळ्या-बटणांना वापरा, कचऱ्यात घालायची काय घाई आहे.

पायरी २: बाहेरचा चहा आणि पार्सल

इंदूरला सकाळ पोह्यांनी आणि चहाने सुरू होते, गरोदर बाईने ते सोडावं असं मी म्हणणार नाही. कप बदलायचा. "कागदी" कप कागदी नसतो, आत प्लास्टिकचा पातळ चकचकीत थर असतो नाहीतर चहा गळूनच गेला असता. आयआयटी खरगपूरच्या टीमने असे कप तपासले, ८५ ते ९० अंशाचं १०० मिली पाणी १५ मिनिटं ठेवलं तर सुमारे २५ हजार बारीक कण त्यात उतरले. दिवसात तीन कप म्हणजे ७५ हजार. जाऊ ऑफिसला जाते, तिच्या पर्समध्ये आता स्टीलचा छोटा पेला असतो, टपरीवाल्याला सांगितलं की तो त्यातच ओततो, कुल्हड असेल तर उत्तमच.

त्याहून वाईट म्हणजे पन्नीतला चहा. दुकानातून, ऑफिसातून मुलगा जातो आणि पातळ पन्नीत उकळता चहा गाठ मारून आणतो, मग तो कागदी कपात. हे कुणीच करू नये, गरोदर बाईने तर नाहीच. थर्मास किंवा किटली द्या त्या मुलाच्या हातात. आणि टी-बॅग वापरत असाल तर बघून घ्या, जाळीसारख्या चकचकीत नायलॉनच्या असतात त्या कॅनडात मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये तपासल्या, एका बॅगेतून एका कपात ११०० कोटींहून जास्त मायक्रोप्लास्टिक कण. साधी चहापत्ती टाका ना पातेल्यात.

पार्सलचं: गरम भाजी, डाळ काळ्या डब्यात किंवा पन्नीत अर्धा तास डुचमळत येते, त्यात तेलही असतं आणि तेलात ही द्रव्यं जास्त उतरतात. घरून स्टीलचा डबा न्या, आमच्याकडचे दुकानदार काहीही न बोलता भरून देतात. ऑनलाइन मागवायचंच असेल तर कोरडं मागवा. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा किस, गराडू (तळलेला कंद) खायला जाल तेव्हा पानाचा दोना असेल तर तो मागा, आणि पोहे छापील पेपरवर कुणी देत असेल तर घेऊ नका, ती शाई पण पोटात जायला नको.

पायरी ३: पाणी, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

पहिला नियम मी मायक्रोबायोलॉजीवाली म्हणून सांगते आणि तो सगळ्याच्या वर आहे: गरोदरपणात जंतू हे प्लास्टिकपेक्षा कितीतरी मोठं आणि ताबडतोबीचं संकट आहे. हेपॅटायटिस ई नावाची कावीळ घाण पाण्यातून होते, ती शेवटच्या तिमाहीत झाली तर १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे प्रवासात समोर सीलबंद बाटली आणि स्टेशनचा नळ असे दोनच पर्याय असतील तर बाटली घ्यायची आणि मन शांत ठेवून प्यायची.

रोजच्यासाठी मात्र बाटलीबंद पाणी नको. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीमने अमेरिकेतलं बाटलीतलं पाणी मोजलं तर एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण, त्यातले ९० टक्के नॅनो. आणि तिथे बाटल्या मे महिन्यात इंदूरच्या बंद गाडीत पडून नव्हत्या! ऑफिसात, लग्नात येणारे २० लिटरचे कॅम्पर पण उन्हात उभ्या टेम्पोतून येतात, तेव्हा घरचं पाणी बरोबर ठेवा.

घरी काय करायचं ते सोपं आहे, उकळा. २०२४ मध्येच चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी दाखवलं की जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला कॅल्शियमचा चुना खाली बसतो आणि बसताना प्लास्टिकचे कण आपल्यात गुंडाळून घेतो, फार जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कमी होतात, मऊ पाण्यात २५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्यांना तो पातेल्याच्या तळाचा पांढरा थर चांगलाच माहीत आहे, आत्तापर्यंत वैताग वाटायचा, इथे तोच कामाला येतोय. नर्मदेचं पाणी येत असेल तर थर कमी बसेल, तरी उकळा, कारण जंतू मरतात हा फायदा तर आहेच.

पद्धत अशी: स्टीलच्या पातेल्यात खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटं, मग झाकून तसंच ठेवा, हलवू नका, पूर्ण निवू दे. वरचं पाणी हळू ओतून चार पदरी स्वच्छ सुती कापडातून गाळा, तळाचं दोन बोटं पाणी झाडांना घाला, तेच पिण्यात आलं तर सगळी मेहनत वाया. गाळलेलं माठात किंवा स्टीलच्या पिंपात, काढायला लांब दांड्याचं ओगराळं, हात बुडवायचा नाही. माठ रोज रिकामा करून आतून नारळाच्या शेंडीने घासा. आरओ असेल तर तो बहुतेक कण अडवतो, फक्त त्याच्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी दिवसभर ठेवण्याऐवजी सकाळी स्टीलमध्ये भरून घ्या. गच्चीवरची काळी टाकी बदलायला जाऊ नका, झाकण घट्ट ठेवा, वर सावली करा, आणि वेळच्या वेळी आतून धुवून घ्या, पुरे.

पायरी ४: मीठ, तांदूळ, लोणचं

मिठाबद्दल मुद्दाम लिहितेय कारण इथे लोक चुकून नुकसान करून घेतात. २०२४ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेने आपल्याकडची १० मिठं आणि ५ साखरा तपासल्या, सगळ्यात मायक्रोप्लास्टिक निघालं, आयोडीनयुक्त मिठात सगळ्यात जास्त, किलोमागे ८९ तुकडे, सेंद्रिय सैंधवात सगळ्यात कमी, ७ च्याही आत. ही बातमी वाचून आमच्या ओळखीत एकीने गरोदरपणात साधं मीठ बंद करून फक्त सैंधव चालू केलं. असं करू नका हो. बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं, गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम, आणि सैंधवातून ते पुरेसं मिळत नाही. शिवाय हिशोब करून बघा, दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर किलोमागे ८९ च्या हिशोबाने दिवसाला अर्धा तुकडासुद्धा होत नाही. हे तुकडे मोठे मोजलेत आणि चहाच्या कपातले बारीक, त्यामुळे सरळ तुलना होत नाही हे मला कळतं, पण लढायची जागा मीठ नाही एवढं नक्की. आयोडीनचं मीठच खा, बरणीत ठेवा.

तांदूळ धुवून घ्या, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अभ्यासात धुतल्याने २० ते ४० टक्के प्लास्टिक कमी झालं, आणि पाकिटातल्या झटपट भातात साध्याच्या चौपट होतं. लोणचं, तेल, तूप, चिंचेचा कोळ असलं आंबट-तेलकट सगळं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत.

पायरी ५: धूळ आणि कपडे

श्वासातून जाणारं प्लास्टिक बहुतेक करून कपड्यांच्या, पडद्यांच्या, गालिच्यांच्या धाग्यांमधून येतं. कोरडी झाडू मारली की ते सगळं नाकाच्या उंचीला उडतं. म्हणून तिच्या खोलीत आधी ओलं फडकं, आणि केर काढायचा असेल तर ती दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडून. एसीची जाळी, पंख्याची पाती महिन्यातून दोनदा ओल्या कपड्याने. पलंगाजवळचा केसाळ गालिचा आणि फरची खेळणी काढून ठेवा. "मॅटर्निटी" म्हणून जे चकचकीत गाऊन विकतात ते बऱ्याचदा पॉलिस्टरचे असतात, घाम वेगळाच येतो, सुती घ्या. बाळासाठी तर काही विकत घ्यायलाच नको, घरातल्या जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी, लंगोट, गोधडी करा, सासूबाईंच्या एका जुन्या महेश्वरीच्या चार दुपट्या झाल्या आमच्याकडे. आणि गल्लीत कुणी प्लास्टिक जाळत असेल तर जाऊन थांबवा, कचऱ्याची गाडी रोज दारात येते, जाळायचं काही कारणच नाही.

पायरी ६: डोहाळजेवण

पन्नास-साठ माणसं, गरम जेवण आणि सगळं डिस्पोजेबल, त्यामुळे हा एक दिवस खरंच वेगळा आखायला लागतो. थर्माकोलच्या प्लेटा आणि पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, त्याच्या जागी आता आतून थर दिलेल्या कागदी आल्यात. आम्ही पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणले, पाण्याला भाड्याने स्टीलचे पेले, भांडी घासायला दोन बायका जास्तीच्या लावल्या, केटररला आठ दिवस आधी सांगितलं होतं म्हणून झालं, आदल्या दिवशी सांगून होत नाही. सजावटीला चमकी अजिबात नको, चमकी म्हणजे तयार मायक्रोप्लास्टिकच, ती केसात, ओटीत, ताटात सगळीकडे जाते आणि महिनाभर घरातून निघत नाही. झेंडू-मोगऱ्याचे दागिने केले जावेला, फार गोड दिसत होती.

पायरी ७: दवाखान्यात

इथे प्लास्टिकचा विचार पूर्ण सोडायचा. सलाइनची पिशवी, नळी, सुई, हातमोजे यांनी जीव वाचतो, गोळ्यांच्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत म्हणून लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या टाळायच्या नाहीत. बॅगेत तुमचा स्टीलचा पेला, वाटी-चमचा आणि थर्मास टाका म्हणजे झालं. एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये आम्हाला पेज पन्नीत बांधून दिली होती, तेव्हापासून डबा घरूनच न्यायचा हे ठरलंय. आणि रक्तातलं प्लास्टिक मोजून देतो, "डिटॉक्स" करून देतो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका, गरोदर बाईच्या शरीरातून ते बाहेर काढणारा सिद्ध झालेला उपचार आज नाही.

पायरी ८: बाळ आल्यावर

इटलीतल्याच संशोधकांनी २०२२ मध्ये ३४ आयांचं दूध तपासलं, २६ जणींच्या दुधात मायक्रोप्लास्टिक सापडलं. हे ऐकून अंगावर पाजणं थांबवायचा विचार मनात आला तर त्याच संशोधकांनी काय म्हटलंय तेही ऐका, आईच्या दुधाचे फायदे यापेक्षा खूप जास्त आहेत, पाजत राहा. पावडरचं दूध गरम करून प्लास्टिकच्या बाटलीत घातलं तर काय होतं ते वर पायरी १ मध्ये आलंच आहे.

वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर पावडर कालवायला पाणी ७० अंशाच्या खाली नको, नाहीतर पावडरमधले जंतू मरत नाहीत, आणि एवढं गरम प्लास्टिकमध्ये नको. म्हणून उकळलेलं पाणी स्टीलच्या भांड्यात, त्यातच पावडर कालवायची, भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं, आणि मग पाजायच्या भांड्यात ओतायचं. बाटली हवीच असेल तर काचेची. प्लास्टिकचीच असेल तर उकळून झाल्यावर, आधीच उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा, गरम दूध घालून हलवू नका आणि त्यात परत गरम करू नका.

खरं तर बाटलीचीही गरज नाही, नवजात बाळांच्या वॉर्डातसुद्धा वाटी-चमच्याने किंवा चोचीच्या छोट्या भांड्याने पाजतात. ते भांडं म्हणजे आपलं बोंडलंच. आमच्याकडे सासूबाईंनी दिरांचं चांदीचं बोंडलं कपाटातून शोधून काढलं, चोचीच्या आत बारीक ब्रश घालून घासलं आणि वीस मिनिटं उकळून झाकून ठेवलंय. विकत घेणार असाल तर चोचीच्या कडेवर बोट फिरवून बघा, खरखरीत लागली तर घेऊ नका, आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की लगेच धुवा, चोचीत दूध वाळलं की निघत नाही.